रिकामी जमीन आणि गृहस्थधर्म

गेल्या कार्तिकातील सभेत आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मांडलेली सूचना वाचकांच्या स्मरणात असेलच. मंदिराच्या गंगाजळीतील काही रक्कम बँकेत ठेव म्हणून पडून आहे आणि तिच्यावर मिळणारे व्याज महागाईच्या मागे पडत चालले आहे. तेव्हा या रकमेतून बायपासपलीकडे आकारास येत असलेल्या एखाद्या नव्या कॉलनीत दोन प्लॉट घ्यावेत, पाचसात वर्षांनी ते विकावेत, आणि येणाऱ्या पैशातून सभामंडपाचे राहिलेले काम पुरे करावे, अशी ती सूचना होती. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, याविषयी कोणाच्याही मनात संशय नाही. चर्चा रंगली, तेवढ्यात आरतीची वेळ झाली, आणि निर्णय वार्षिक सभेपर्यंत तहकूब राहिला.

त्या रात्री घरी परतताना आमच्या मनात एकच विचार घोळत राहिला. हिशेबाच्या दृष्टीने सूचना चुकीची नव्हती. इंदुरात ज्याने वीस वर्षांपूर्वी जमीन घेतली, त्याला पश्चात्ताप करावा लागल्याची उदाहरणे थोडीच. परंतु जो प्रश्न हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही, तो आम्हांस छळू लागला. जी जमीन आपण राहण्यासाठी घेत नाही, पिकविण्यासाठी घेत नाही, केवळ तिचा भाव वाढावा म्हणून घेऊन रिकामी ठेवतो, तिच्यावर आपला हक्क कोणत्या प्रकारचा? आणि त्या वाढीव भावाचे खरे धनी कोण? हा प्रश्न केवळ मंदिराचा नाही. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कितीतरी घरांत असा एखादा प्लॉट आहेच. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या इंदुरात वाढलेल्या आमच्या पिढीस शहराबाहेरील वसाहतींविषयी एक आकस असतो. तेथे शेजार नाही, देऊळ नाही, मंडईची गजबज नाही, मग लोक तेथे जातात तरी कशाला, असे आपण सहज बोलून जातो. हा आकस न्याय्य नाही. हे शहर मुळात बाहेर पडणाऱ्यांनीच वसविले आहे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिर झाली. जुनी इंदूर नदीच्या एका अंगाला राहिली आणि नवी वस्ती दुसऱ्या अंगाला राजवाड्याभोवती वाढली. पुढे तीही अपुरी पडून तुकोगंजासारख्या मोकळ्या वसाहती झाल्या. रामबाग आणि नारायणबाग ही आपल्या मराठी कुटुंबांची जुनी ठिकाणे, पण त्यांची नावेच बागांची आहेत. ज्यांनी तेथे प्रथम घर बांधले, त्यांनाही तेव्हा कोणी ना कोणी 'रानात राहावयास निघालात काय' असे विचारलेच असेल.

पहिल्या महायुद्धाच्या काळात होळकर दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकारास पाचारण केले. १९१८ साली त्यांनी इंदूरविषयीचा आपला दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्यांच्याविषयीची एक हकीकत मोठी उद्बोधक आहे. शहरात प्लेगचे भय होते. गेडीस यांनी दिवाळीच्या सुमारास एक भव्य मिरवणूक काढविली आणि आधी जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता जे रस्ते व जी घरे सर्वांत स्वच्छ असतील त्यांच्यासमोरून जाईल. त्या दिवसापुरता महाराजांचा मान त्यांना दिला गेला होता. लोकांनी झाडलोट केली, भिंती सारवल्या व रंगविल्या. आज सलग अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचे नाव घेतले जाते, तेव्हा या हकीकतीची आठवण होते. गेडीस यांचे म्हणणे असे की, शहर म्हणजे नकाशावरील रेषा नव्हेत. एका घराची स्थिती दुसऱ्या घराशी बांधलेली असते. हे सूत्र पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून ते येथे नमूद करतो.

१९५१ च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या सुमारे ३ लक्ष होती. २०११ च्या जनगणनेत एकट्या महापालिकेच्या हद्दीत ती १९ लक्ष ६४ हजारांवर गेली. २०१४ साली भोवतालची २९ गावे महापालिकेत सामील झाली, आणि जी कालपर्यंत गावे होती ती वॉर्ड झाली. आता तर राऊ, बिचोली, कनाडिया, मांगलिया ही नावे शहरापासून निराळी वाटेनाशी झाली आहेत. राऊस भारतीय व्यवस्थापन संस्था आहे, सिमरोलला आय. आय. टी. आहे, पश्चिमेस पीथमपूरचे कारखाने आहेत, विमानतळाच्या बाजूस सुपर कॉरिडॉरवर संगणक कंपन्या आहेत, आणि ३१ मे २०२५ पासून त्याच सुपर कॉरिडॉरवर मेट्रोही धावू लागली. उपनगराच्याही पलीकडे, जेथे शेत संपत नाही आणि शहर सुरू होत नाही, अशा पट्ट्यात वसाहती उभ्या राहत आहेत. न्यूयॉर्कच्या परिसरातील अशा वस्तीविषयी स्पेक्टोर्स्की नामक लेखकाने १९५५ सालीच एक पुस्तक लिहिले होते आणि तेथील रहिवाशांसाठी इंग्रजीत एक नवा शब्दही घडविला होता. म्हणजे ही ओढ केवळ आपली नाही.

ही ओढ समजून घेतली पाहिजे. मल्हारगंजातील दोन खोल्यांत आईवडील, दोन मुले आणि शिकवणीस येणारी शेजारची मुले सांभाळणाऱ्या सुनेस बायपासपलीकडील तीन खोल्यांचे घर आणि तुळशीपुरते अंगण स्वर्गासारखे वाटले, तर त्यात नवल काय? तेथे भाव कमी, हवा मोकळी, मोटार उभी करण्यास जागा. शहराच्या मध्यभागी आयुष्यभराच्या कमाईतही जे मिळणार नाही, ते तेथे पंधरावीस वर्षांच्या हप्त्यांत मिळते. पीथमपुरास किंवा सुपर कॉरिडॉरवर नोकरीस जाणाऱ्यास तेच अधिक जवळ पडते. आपले घर असावे ही इच्छा गृहस्थाश्रमाला शोभणारीच आहे. जो राहण्यासाठी बाहेर जातो, त्याच्याविषयी आमची कोणतीच तक्रार नाही.

आमचा प्रश्न दुसऱ्या प्रकारच्या खरेदीदाराविषयी आहे, आणि त्यात आम्हीही मोडतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही बायपासजवळ एक प्लॉट घेतला. नोकरीत पेन्शन नव्हते, मुलीचे लग्न पुढे होते, आणि सोने घ्यावे की जमीन, असा घरात विचार चालला होता. जमीन घेतली. वर्षातून एकदा जाऊन खुंट जागेवर आहेत की नाहीत ते पाहून यायचे, एवढाच त्या जमिनीशी आमचा संबंध. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात असेच गेलो असता गवत छातीइतके वाढलेले होते. त्या ओळीत एकच घर होते. तेथील बाई बाहेर आल्या, पाणी दिले, आणि मोठ्या अदबीने म्हणाल्या, "काका, रागावू नका, पण परवा तुमच्या प्लॉटमधून साप आमच्या अंगणात आला. गवत तेवढं कापून घ्याल का?" आम्ही ओशाळून होकार दिला. निघताना त्यांनी विचारले, "तुम्ही बांधणार कधी? आम्हांला शेजार हवाय हो. संध्याकाळी पोरीला क्लासहून आणायला हेच जातात, एकटी सोडवत नाही." देवासचे माहेर असलेल्या त्या बाई सात वर्षे त्या ओळीत एकट्या राहत होत्या. आम्ही काही उत्तर दिले नाही. कारण खरे उत्तर असे होते की, आम्ही बांधणारच नव्हतो.

परतीच्या वाटेवर आम्हांस प्रथमच उमगले की राहणारा आणि गुंतविणारा एकाच नकाशावरचे लगतचे दोन प्लॉट घेतात, पण दोघांच्या इच्छा परस्परविरुद्ध असतात. राहणाऱ्यास शेजार हवा असतो, आणि गुंतविणाऱ्यास केवळ काळ जावयास हवा असतो. शंभर प्लॉटांच्या कॉलनीत दहाच दिवे लागले, तर तेथे वाणी दुकान टाकीत नाही, बस येत नाही, शाळा निघत नाही, दवाखाना उघडत नाही. त्या दहा घरांनी मात्र रस्ता, दिवे आणि पहारेकरी यांचा भार वाहायचा. त्यांनी वस्ती केली म्हणून कॉलनीस 'वसलेली' म्हणतात, आणि ती वसलेली म्हणून आमच्या रिकाम्या प्लॉटचा भाव चढतो. त्यांच्या एकटेपणावर आमची वाढ होते, असे म्हटले तर ते कठोर होईल, पण खोटे होणार नाही.

भाव वाढतो तो आणखी कशाने? आम्ही त्या जमिनीत एक घमेलेभर मातीदेखील टाकली नाही. रस्ता शासनाने केला, वीज मंडळाने आणली. पाण्याची गोष्ट तर विशेष आहे. नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळील जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा चढ चढून इंदुरात येते. शेकडो मीटर उंचीवर पाणी चढविण्यास लागणाऱ्या विजेचा खर्च सारे शहर सोसते. ज्या वसाहतीपर्यंत हे पाणी पोहोचते, तिचा भाव रातोरात बदलतो. जेथे ते पोहोचत नाही तेथे बोअरिंग आणि टँकर. पावलोपावली पाणी असा लौकिक असलेल्या या माळव्यात बोअरिंगची खोली वर्षावर्षाला वाढत जावी, हे त्या लौकिकाला शोभत नाही. सारांश, जमिनीच्या भावातील वाढ ही सर्वांच्या श्रमाची आणि करांची निर्मिती आहे, आणि ती पडते मात्र ज्याच्या नावे रजिस्ट्री आहे त्याच्या पदरात.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतील हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले की जमिनीच्या मूल्यातील वाढ समाज निर्माण करतो, म्हणून ती समाजाकडेच परत गेली पाहिजे. इंग्लंडात एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली उद्याननगराची कल्पना मांडली, आणि १९०३ साली लेचवर्थ येथे ती प्रत्यक्षात येऊ लागली. आज अनेक विकासक 'गार्डन सिटी' हे नाव फलकावर लावतात, पण हॉवर्ड यांच्या कल्पनेचा गाभा बाग हा नव्हता. जमीन समाईक असावी आणि तिच्या वाढत्या उत्पन्नातून त्याच गावाच्या सोयी व्हाव्यात, हा तो गाभा होता. आपण बाग घेतली आणि गाभा टाकला. आपल्या देशात विनोबांनी १९५१ साली भूदानाचा आरंभ केला. १९६० साली ते इंदुरास येऊन राहिले होते, आणि त्यांच्याच प्रेरणेने येथे विसर्जन आश्रम उभा राहिला. भूमी ही हवा व पाण्यासारखी ईश्वराची देणगी आहे, तिचे आपण मालक नसून सांभाळणारे आहोत, असे ते सांगत. ज्या शहराने ते शब्द समोर बसून ऐकले, त्या शहरात जमीन कागदाच्या चिठ्ठीवर हातोहात विकली जावी, हे विचार करावयास लावणारे आहे.

चिठ्ठी हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. इंदुरात 'डायरी'चा व्यवहार कोणास ठाऊक नाही? कॉलनीस मंजुरी नाही, डायव्हर्शन झालेले नाही, रेराची नोंदणी नाही, अशा अवस्थेत विकासक डायरीच्या पानावर प्लॉटचा आकार आणि मिळालेली रक्कम लिहून देतो. ते पान एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे चढत्या भावाने जाते. २०१६ चा रेरा कायदा सांगतो की ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या प्रकल्पातील प्लॉट नोंदणीवाचून विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. तरीही डायरी चालते, कारण ती घेणारे आपणच असतो. शेवटच्या हाती ते पान येते आणि मंजुरी येत नाही, तेव्हा रडणारा बहुधा सर्वांत गरीब असतो. आधीच्या हातांनी आपला नफा केव्हाच खिशात घातलेला असतो, आणि त्यांतील प्रत्येकजण शपथेवर सांगू शकतो की, 'मी कोणास फसविले नाही.'

शेतकऱ्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, पण कीव करण्यासाठी नव्हे. जमीन विकून दूर अंतरावर अधिक जमीन घेणारे, मुलांना शिकविणारे, सुखी झालेले शेतकरी आम्ही पाहिले आहेत, आणि आलेला पैसा चार वर्षांत संपवून त्याच कॉलनीच्या फाटकावर पहारेकरी झालेलेही पाहिले आहेत. विकणे हा त्याचा हक्क आहे. राज्याच्या नगर व ग्राम निवेश कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने योजनेत घेतलेल्या जमिनीपैकी अर्धी विकसित करून मूळ धन्यास परत देण्याची वाट निघाली. म्हणजे वाढीत त्यालाही वाटा असावा, हे तत्त्व निदान मान्य झाले. परंतु काळ्या मातीची बाजू घेणारा कोणी नाही. गहू, हरभरा आणि सोयाबीन देणारी ती माती काँक्रिटखाली गेली तर एक उपयोग जाऊन दुसरा आला, असे म्हणता येईल. पण ती ना पिकली, ना वसली, केवळ खुंटांमध्ये तणाखाली पडून राहिली, तर तो निव्वळ नाश आहे. आणि याच शहराच्या मध्यभागी १९९१ साली बंद पडलेल्या हुकुमचंद मिलची विस्तीर्ण जमीन तीस वर्षांहून अधिक काळ निजून होती. तेथील कामगारांची देणी मिळण्यास डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. तोवर किती जण वाट पाहतच गेले. आत जमीन रिकामी आणि बाहेर शेते मोडायची, ही व्यवस्था शहाणपणाची कोण म्हणेल?

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. मध्यमवर्गीयाने म्हातारपणाची तरतूद कशी करावी? सोने चोरीस जाते, शेअर समजत नाहीत, बँकेचे व्याज पुरत नाही. अर्थ हाही पुरुषार्थ आहे, आणि गृहस्थाने संचय केला नाही तर इतर आश्रमांचे पोषण कोण करणार? हे म्हणणे खरे आहे, आणि आम्ही त्याच आधाराने प्लॉट घेतला होता. शिवाय आणखी एक अडचण आम्हांस आमच्याच मंदिराच्या जुन्या इतिवृत्तात सापडली. आज जेथे आपण आरती करतो, ती जागा संस्थापकांनी घेतली तेव्हा वस्तीबाहेर होती, स्वस्त होती म्हणूनच घेतली होती, आणि पैशाअभावी ती अकरा वर्षे केवळ एक फलक लावून पडून होती. मग तेही दोषी काय?

या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला. जमीन रिकामी असणे हाच दोष मानला, तर पैसा जमेपर्यंत थांबणाऱ्या प्रत्येक गरिबास दोषी धरावे लागेल. दोष हेतूत आहे असे म्हणावे, तर शेजारच्या बाईंना आमचा हेतू दिसत नाही, त्यांना गवत दिसते. तेव्हा केवळ 'आमचा हेतू चांगला आहे' एवढ्याने सुटका नाही. आम्हांस वाटते, खरी कसोटी इतिवृत्ताच्या पुढल्या पानावर आहे. त्या अकरा वर्षांत संस्थापकांनी तेथे विहीर खणून ती आळीस खुली ठेवली, कडुनिंब लावले, आणि मुलांना खेळावयास मोकळीक दिली. जागा त्यांच्या नावे होती, पण तिची सोय आळीची होती. अहिल्याबाईंनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून दूरदूरच्या क्षेत्री घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांपैकी एकाही ठिकाणी त्या राहावयास जाणार नव्हत्या. जमिनीशी नाते राहण्यानेच जुळते असे नाही, तिच्याभोवतालच्या माणसांचे काही लागणे फेडल्यानेही ते जुळते.

या विचारातून आम्ही स्वतःपुरते काही नियम ठरविले आहेत. ते वाचकांपुढे ठेवतो. डायरीवर व्यवहार करू नये, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. मंजुरी, नोंदणी आणि पाण्याची सोय पाहिल्यावाचून इसार देऊ नये. एका गरजेस एक प्लॉट पुरे, दुसरा घेण्याआधी पहिला वापरात आणावा. जो प्लॉट रिकामा राहील, त्याचे गवत पावसाळ्यात दोनदा कापावे, कॉलनीचा देखभाल खर्च राहणाऱ्यांइतकाच भरावा, आणि बांधकाम होईपर्यंत ती जागा शेजाऱ्यांना भाजी लावण्यास किंवा मुलांना खेळण्यास द्यावी. आणि विकण्याची वेळ आली की, चार पैसे कमी आले तरी, राहू इच्छिणाऱ्यास आधी विचारावे. आम्ही गेल्या वर्षी आमचा प्लॉट एका शिक्षक दांपत्यास विकला. दलालाने अधिक देणारा दुसरा ग्राहक आणला होता. तो फरक आम्हांस जाणवला नाही असे म्हणणे दांभिकपणाचे होईल, कारण त्यात घरच्या एका आजारपणाचा खर्च निघाला असता. पण त्या ओळीत आता दुसरा दिवा लागला आहे.

राहता राहिली मंदिराच्या पैशाची गोष्ट. जो संचय गृहस्थास क्षम्य आहे, तो देवाच्या पैशास क्षम्य आहेच असे नाही. गृहस्थास म्हातारपण आहे, मुलीचे लग्न आहे, आजार आहे. देवास यातले काहीच नाही. ज्यांनी दानपेटीत दहा रुपये टाकले, त्यांत बायपासपलीकडे भाड्याने राहणारी, घर घेण्याची आस धरून बसलेली कुटुंबेही आहेत. त्यांच्याच पैशाने जमिनीचा भाव त्यांच्याच आवाक्याबाहेर चढविण्यास हातभार लागावा, हे आम्हांस रुचत नाही. सभामंडप थोडा उशिरा झाला तरी चालेल. परंतु आपल्या सभासदांपैकी अनेक कुटुंबे आता राऊ आणि बिचोलीच्या अंगास राहतात, त्यांच्या वृद्धांना संध्याकाळच्या आरतीस येणे होत नाही, हेही खरे आहे. मंदिराने तिकडे जागा घ्यावयाचीच असेल, तर ती विकण्यासाठी न घेता बसण्यासाठी घ्यावी. एक पत्र्याची छपरी, एक पाण्याचा माठ, चार बाके, आणि एकादशीचे भजन. एवढे पहिल्याच वर्षी होणार असेल तर आमचे मत अनुकूल आहे. होणार नसेल तर ठेव बँकेतच बरी.

हे आमचे मत झाले. सूचना करणाऱ्या ज्येष्ठ बंधूंविषयी आमच्या मनातील आदर तसूभरही उणा झालेला नाही. त्यांनी प्रश्न काढला नसता, तर आम्हीही आमच्या प्लॉटचा असा विचार केला नसता. वार्षिक सभेस सर्व सभासदांनी सहकुटुंब यावे, विशेषतः बाहेरच्या वसाहतींत राहणाऱ्यांनी अगत्याने यावे, आणि तेथे संध्याकाळी दिवे किती लागतात ते आम्हां आतल्यांना सांगावे. निर्णय त्यांचे ऐकूनच व्हावा, एवढीच आमची विनंती आहे.